भाऊ चार महिने विहिरीत

आमचे खंडेराव उजागरे आता जिल्ह्याचे बालकार्यप्रमुख आहेत. सगळ्या तालुक्यांतल्या रविवारच्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली येतात, आणि देखरेख करायला त्यांना अजिबात सवड मिळत नाही, इतके ते कामात असतात. ही बढती त्यांना कशी मिळाली याबद्दल आमच्या वस्तीत दोन मते आहेत. खंडेरावांचे म्हणणे, कर्तबगारीमुळे. बाकीच्यांचे म्हणणे मी सांगतो, कारण त्या वेळी मी वस्तीच्या पंचकमिटीचा चिटणीस होतो आणि सगळे वृत्तांत माझ्याच हातचे आहेत. वृत्तांतात लिहिलेले सगळे खरे आहे. फक्त घडलेले सगळे त्यात नाही.

नाशकाच्या पश्चिमेला पेरूच्या बागा ओलांडल्या की आमची मिशनची वस्ती लागते. पंचवीस-तीस उंबरे, मधोमध कौलारू प्रार्थनामंदिर, त्याच्यापुढे एक जुनी चिंच, आणि कुंपणाला लागून टांगेवाल्यांची चार घरे. दर रविवारी सकाळी आठला मुलांची शाळा भरायची. भरायची म्हणजे काय, तर कुसाबाई चिंचेखाली येऊन बसायची आणि मुले तिच्याभोवती गोळा व्हायची. कुसाबाई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुण्याचे काम करी. पन्नाशीची विधवा बाई, निफाडकडची, अक्षराशी आयुष्यभर अबोला. पण पाळकसाहेबांनी वाचलेली शास्त्रातली गोष्ट एकदा कानावर पडली की ती तिची होऊन जाई, आणि त्या दूरदेशीच्या गोष्टीत गंगापूरचा रस्ता आणि निफाडचा बाजार कधी येऊन बसले हे कोणाला कळत नसे.

एक गोष्ट ती महिना महिना पुरवायची. ऐन रंगात आली की थांबायची आणि कोणातरी पोरीची वेणी घालायला घ्यायची. पुढे काय झाले म्हणून एखाद्याने रस्त्यात गाठले तर सांगायची नाही. ज्यांच्यादेखत गोष्ट सुरू झाली त्यांच्यादेखतच ती पुढे जायची, असा तिचा शिरस्ता होता. पंगत बसायच्या आधी एकट्याच्या पानात वाढू नये, तसेच हे, असे ती म्हणे.

खंडेराव या शाळेचे सुपरिटेंडंट. आठवडाभर ते मिशनच्या सुतारशाळेत हजेरीमास्तर असत, आणि रविवारी शाळा सुटायच्या वेळी येऊन शेवटची प्रार्थना करत. अकरा वर्षे हे सुरळीत चालले होते. पण १९३२ साल आले, आणि पंचवटीत पुढाऱ्यांचा सुकाळ झाला. कोणी तुरुंगातून सुटून आलेला, कोणी तुरुंगात जायला निघालेला, कोणाच्या नुसत्याच मिरवणुका. आमच्या वस्तीत मात्र एकही पुढारी निपजला नव्हता. ही सल खंडेरावांच्या मनात होती, आणि त्यातच मे महिन्यात मिशनने त्यांना महाबळेश्वरला धाडले. मुलांमध्ये काम करणाऱ्या पुढाऱ्यांचे तिथे पंधरा दिवसांचे शिबिर होते आणि कोणी एक गोरे साहेब वेळेच्या नियोजनावर व्याख्याने देणार होते.

खंडेराव परत आले ते निराळेच होऊन. खिशात साखळीचे घड्याळ होते, काखेत एक वही होती आणि तोंडात एक वाक्य होते: "पुढाऱ्याने स्वतः काम करायचे नसते, करवून घ्यायचे असते." ही विद्या त्यांना पूर्वीपासूनच अवगत होती, आता तिला शास्त्राचा आधार मिळाला एवढेच. वहीत दिवसाचे पाव-पाव तासाचे रकाने पाडलेले होते, आणि प्रत्येक पाव तास कुठे गेला ते त्यात लिहायचे असे. एकदा मी ती वही चोरून पाहिली. 'सव्वासात ते साडेसात : मागील पाव तासाची नोंद केली' असे तिच्यात तीन ठिकाणी होते.

जूनच्या पहिल्या रविवारी त्यांनी शाळा चिंचेखालून मंदिरात आणली आणि तिथल्या भिंतीवर एक मोठे चक्र टांगले. आठ ते नऊ हा शाळेचा तास चक्रात भाकरीसारखा तुकडे करून मांडला होता. घंटा, चपला, चटया, प्रार्थना, हजेरी या सगळ्याला मिळून वीस मिनिटे आणि गोष्टीला चाळीस. चक्र मीच काढले होते. माझे अक्षर वळणदार आहे, आणि कोणी तसे म्हटले की मी वाटेल ते लिहून देतो, हा माझा दुर्गुण आहे.

त्याच रविवारी कुसाबाईने नवी गोष्ट लावली होती. बापाचा लाडका धाकटा मुलगा, अंगात नवा रंगीत अंगरखा, थोरल्या भावांना भाकरी द्यायला रानात जातो. भाऊ जळफळत असतात. ते त्याचा अंगरखा ओरबाडून काढतात आणि त्याला एका कोरड्या विहिरीत ढकलून देतात. मुले पुढे सरकली. तेवढ्यात चक्राप्रमाणे नऊ वाजले, बारा वर्षांच्या बुधाने घंटा वाजवली, आणि भाऊ विहिरीत राहिला. कुसाबाई म्हणाली, राहू द्या, पुढच्या ऐतवारी काढू त्याला.

पुढच्या ऐतवारी खंडेरावांनी पुढारी घडवायला सुरुवात केली. जो दहा पुढारी घडवतो तोच खरा पुढारी, असे साहेबांनी सांगितले होते म्हणे. बुधाला त्यांनी घंटाप्रमुख नेमले आणि मिशनच्या गोऱ्या मिसबाईंनी नाताळला पाठवलेल्या पेटाऱ्यातून उरलेली हातभर लाल फीत त्याच्या छातीवर टाचली. फीत पाहून सगळ्या मुलांचे डोळे फिरले. मुलांचे एक ठीक आहे, त्यांच्या आयांचेही फिरले.

आता इथे आमच्या वस्तीची एक खोड सांगितली पाहिजे. आमच्या लोकांनी धर्म बदलला, देव बदलला, कित्येकांनी आडनावेसुद्धा बदलली, पण मानपान बदलला नाही. लग्नात एका विहिणीला नारळ मिळाला आणि दुसरीला नाही, तर आमच्याकडे तीन पिढ्या बोलणे बंद असते. बुधाला फीत मिळाली हे कळताच भिमाबाई संध्याकाळी खंडेरावांच्या दारात येऊन उभी राहिली. आमच्या पोराने काय पाप केलंय, एवढेच तिने विचारले. भिमाबाईचा आवाज गंगापूरपर्यंत जातो. दुसऱ्या रविवारी तिचा मुलगा चटईप्रमुख झाला. मग चपलाप्रमुख झाला, हजेरीप्रमुख झाली, फळ्याचा प्रमुख झाला. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी डोळे मिटलेत की नाही हे पाहायला एक नेत्रप्रमुख झाला, आणि त्याचे स्वतःचे डोळे उघडे राहतात अशी तक्रार आल्यावर त्याच्यावर नजर ठेवायला एक उपप्रमुख झाला. तेव्हा इतर प्रमुखांच्या आया म्हणाल्या, आमच्यालाच का उपप्रमुख नाही. मग प्रत्येकाला एक मिळाला. बुधाच्या उपप्रमुखाकडे घंटेची हातोडी सांभाळण्याचे काम आले. पण बुधाला हे मानवेना, म्हणून हातोडी बुधाकडे आणि घंटेची दोरी उपप्रमुखाकडे, असा तोडगा मीच काढून दिला. भिमाबाईला महिला-सल्लागार केले. मला सरचिटणीस केले आणि फीत दिली. मी ती लावली, खोटे कशाला बोलू. आरशातही पाहिली.

ऑगस्ट संपेपर्यंत पटावरच्या चाळीसच्या चाळीस मुलांच्या छातीवर फिती आल्या. वीस प्रमुख, वीस उपप्रमुख. आता पुढारी म्हटला की अहवाल आलाच. प्रमुखाला एक मिनिट आणि उपप्रमुखाला अर्धे, असा नियम झाला. चपला सव्वीस जोड, पैकी एक अंगठा तुटलेला. चटया चार, पैकी एक उसवलेली. असे अहवाल मुले घडाघडा म्हणून दाखवत. शेवटी खंडेराव दहा मिनिटे सगळ्या अहवालांचा आढावा घेत. हा सगळा वेळ कुठून आला? चक्रात एकच मोठा तुकडा होता, त्याच्यातून आला. गोष्टीची चाळीस मिनिटे पंचवीस झाली, पंचवीसची बारा झाली; त्यातही निम्मे प्रमुख कामावर उठलेले असत, आणि सगळे समोर नसले की कुसाबाई गोष्ट पुढे नेत नसे. शेवटी सप्टेंबरात मी माझ्या वळणदार अक्षरात चक्रावर लिहिले, 'गोष्ट : वेळ उरल्यास.'

कुसाबाईलाही त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. एवढ्या जुन्या बाईला पद नसावे हे बरे दिसत नाही म्हणून जुलै लागताच तिला घागरप्रमुख केले होते. शाळाभर तिने कोपऱ्यात पाण्याच्या घागरीशी उभे राहायचे आणि शेवटी किती पेले पाणी गेले ते सांगायचे. ती उभी राही. साहेबलोकांनी शिकवून पाठवलेय म्हणजे काहीतरी असेल, असा तिचा स्वभाव होता.

एवढ्या सगळ्यांत एकच पोर बिनाफितीचे होते. सितारा, जमील टांगेवाल्याची सात-आठ वर्षांची मुलगी. कुंपणाच्या फटीतून येऊन ती पहिल्यापासून कुसाबाईच्या मांडीशी बसत असे. जमीलची हरकत नव्हती. विहिरीतल्या भावाचा किस्सा आमच्याकडेही आहे, ऐकू दे, असे तो म्हणाला होता. मात्र पुढे काय होते ते त्यानेही मुलीला सांगितले नव्हते, कारण कुसाबाईचा शिरस्ता त्याला माहीत होता. सिताराचे नाव अर्थातच आमच्या पटावर नव्हते, आणि पटावर नाव नाही त्याला पद नाही, हा खंडेरावांचा नियम होता. म्हणून ती रिकाम्या चटईवर एकटी बसून राहायची आणि चाळीस पुढारी तिच्याभोवती लगबगीने फिरायचे.

बाकीची मुले त्या भावाला साफ विसरली होती. मोठेपण मिळाले की माणूस भावाला विसरतो, त्याला वयाची अट नाही. सितारा विसरली नव्हती. जुलैत पावसाने जोर धरला तेव्हा एका रविवारी ती घागरीपाशी गेली आणि तिने हळूच विचारले, "मावशी, विहिरीला पाणी आलं?"

ती विहीर शास्त्रात कोरडी आहे. कुसाबाईला ते चांगले माहीत होते. पण बाहेर महिनाभर पाऊस कोसळत असताना विहीर कोरडी आहे असे लेकराला सांगायला तिची जीभ रेटेना. ती म्हणाली, "आलंय थोडं. घोट्याला हाय."

ऑगस्टात गोदावरी रामकुंडाच्या पायऱ्या बुडवून वर आली, तेव्हा पाणी भावाच्या गुडघ्याला लागले. गणपतीच्या सुमारास कमरेला. मी मेजाशी बसून अहवाल उतरवून घेत असे आणि हे सवालजवाब माझ्या कानावर पडत. पहिल्यांदा मला हसू आले. घरी जाऊन बायकोला सांगितले, तीही हसली. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सिताराने विचारले आणि कुसाबाई म्हणाली, "छातीला आलंय, बाय."  पोरगी चटईवर जाऊन बसली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाणी कुठवर आले असेल ते पाहू लागली. त्या दिवशी मात्र मला हसू आले नाही, आणि घरी सांगण्यासारखेही काही वाटले नाही.

कुसाबाईने प्रयत्न केला नाही असे नाही. एकदा ती पदर सावरून खंडेरावांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, मास्तर, गोष्टीला थोडा वखत द्या, पोरगा बुडंल. खंडेरावांनी घड्याळ पाहिले. प्रमुखांच्या सभेपुढे लेखी अर्ज यावा, असे त्यांनी सांगितले. कुसाबाईला लिहिता येत नव्हते, म्हणून अर्ज मी लिहिला. सभेच्या कामकाजात तो नववा होता, आणि सभा सहाव्या विषयावर संपली. अर्ज फायलीत लावायचे कामही माझेच होते. मी तो लावला.

आणि मग ऑक्टोबरात मिशनचे पत्र आले. जिल्ह्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या मिसबाई दुसऱ्या रविवारी तपासणीला येणार होत्या. लहान लहान शाळा चालवणे मिशनला जड जात होते. चटईवर बसून शिकणारी मुले तीसच्या खाली आढळली, तर शाळा बंद होऊन नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवली जाईल, असे पत्रात स्पष्ट होते. नदीपलीकडे म्हणजे साडेतीन मैल. लहान मुले एवढी चालणार नव्हती, सिताराला तर तिथे कोणी ओळखतही नव्हते, आणि कुसाबाईला रविवारी दहाला दवाखान्यात हजर व्हावे लागे. शाळा गेली तर भाऊ कायमचा विहिरीत राहणार होता. मी हे पत्र तिला वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली की, पाणी गळ्याला आलंय.

खंडेरावांना चिंता शिवली नाही. तीस मुले मागतात, आपल्याकडे चाळीस पुढारी आहेत, असे ते म्हणाले. शिवाय जिल्ह्याची जागा रिकामी आहे हे त्यांच्या कानावर आले होते. त्यांनी स्वतःसाठी सोनेरी काठाची रुंद फीत करून घेतली आणि चक्राला नवा रंग द्यायला मला सांगितले. मी दिला.

मिसबाई जमीलच्याच टांग्यातून आल्या. साठीच्या, काटक, पांढऱ्या केसांच्या बाई. तीस वर्षे या मुलखात काढलेल्या, आणि मराठी पुस्तकासारखे बोलणाऱ्या. चक्राप्रमाणे एक मिनिटही न चुकता सगळे झाले. घंटा झाली, चपला लागल्या, चटया अंथरल्या, डोळे मिटले आणि ते मिटले आहेत हे पाहिले गेले. मग मुले भिंतीला पाठ लावून रांगेत उभी राहिली आणि अहवाल सुरू झाले. पुढाऱ्याने बसायचे नसते, म्हणून कोणी बसले नव्हते. मधोमध चार चटया पसरलेल्या, आणि त्यांवर एकटी सितारा.

बाईंनी सात अहवाल ऐकले. आठवा फळ्यावरच्या धुळीचा होता, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि विचारले, "मुले कोठे आहेत?"

खंडेरावांनी अभिमानाने रांगेवरून हात फिरवला. बाई उठून रांगेपाशी गेल्या. पहिल्याला त्यांनी विचारले, तू काय शिकलास. तो म्हणाला, मी चटईप्रमुख आहे. दुसरीला विचारले, तुला कोणती गोष्ट आवडते. ती म्हणाली, गोष्ट माझ्याकडे नाही, माझ्याकडे हजेरी आहे. अशा दहा-बारा मुलांपुढून त्या गेल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "हे सर्व पुढारी आहेत. मी मुलांस भेटावयास आले आहे." आणि त्या चटईपाशी येऊन सितारासमोर वाकल्या. "तू कशाची प्रमुख आहेस?"

सितारा घाबरून उभी राहिली. "कशाची नाय," ती म्हणाली. "भाऊ विहिरीत पडलाय. त्याला काढला का, ते विचारायला येते."

बाईंना अर्थबोध झाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी सरचिटणीस, मला सांगणे भाग होते. जूनपासून काय झाले ते मी सांगितले, आणि सांगता सांगता माझी मान आपोआप खाली गेली. चार महिने एक लेकरू पाण्यात उभे आहे आणि मी चक्राला रंग देत बसलो, हे मोठ्याने म्हणेपर्यंत मला नीट कळले नव्हते. मला माझी शरम वाटली. अजूनही वाटते.

खंडेरावांना मात्र यात एकच दोष दिसला. एक मूल पदाविना राहिले होते, आणि तपासणीला नेमके तेच सापडले होते. पण पुढारी प्रसंगावधानी असतो. त्यांनी खिशातून जादा फीत काढली, पटाचा नियम आजपुरता शिथिल केल्याचे जाहीर केले, सिताराच्या झग्यावर फीत टाचली आणि म्हणाले, "आजपासून तू श्रवणप्रमुख. ऐकण्याचे सगळे काम तुझ्याकडे."

सिताराने फितीकडे पाहिले. मग भिंतीशी उभ्या असलेल्या पुढाऱ्यांकडे पाहिले. तिला एवढे कळले की फीत लागली की चटईवर बसता येत नाही. ती मुकाट्याने रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. चटईप्रमुखाने पुढे होऊन खणखणीत आवाजात अहवाल दिला की चटया चार, पैकी चारही रिकाम्या. बाईंनी चष्मा लावला, तपासणीचा कागद उघडला, आणि 'चटईवर बसून शिकणारी मुले' या रकान्यात पूज्य मांडले. मी शेजारीच होतो, मला ते स्पष्ट दिसले. कुसाबाईला वाचता येत नव्हते, पण वाटोळे शून्य ओळखायला शाळा लागत नाही. 

घागर सोडून ती मध्ये आली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने आपली जागा सोडली होती. चटईवर ती नेहमीसारखी ऐसपैस बसली आणि तिने सिताराला जवळ बोलावले. तिच्या झग्यावरची फीत काढून घेतली आणि दोन्ही हातांत ताणून पाहिली.

"चांगली बळकट हाय," ती म्हणाली. "दोराला चालंल. पर ही हातभर, आन इहीर लय खोल. पोरगं गळ्याइतक्या पाण्यात उभं हाय. कोण देतंय आपली?"

 मुलांनी खंडेरावांकडे पाहिले. मग बुधा पुढे झाला. विहिरीत ढकलण्याच्या वेळी सगळ्यांत पुढे बसलेला तोच होता. त्याने फीत सोडून कुसाबाईच्या हातात दिली आणि हळूच विचारले, "अजून जित्ता हाय?" कुसाबाई म्हणाली, "आपण चार म्हयने इसरलो, त्यो नाय इसरला. वर बघत उभा हाय." तेवढ्यावर रांग मोडली. चपलाप्रमुख आला, हजेरीप्रमुख आली, नेत्रप्रमुख आणि त्याच्यावर नजर ठेवणारा असे दोघे बरोबर आले. जो फीत देई तो चटईवर बसे आणि दोर हातात धरी. कुसाबाई गाठी मारत होती आणि तोंडाने गोष्ट सांगत होती, की रानात उंट दिसू लागलेत, घुंगरांचा आवाज येतोय, आणि भावांपैकी एकाला लाज वाटू लागलीय. भिमाबाई आली, तिने फीत काढताना कोणाला मान आधी मिळाला हे विचारले नाही. मीही दिली. माझ्या फितीला टाचणीचा गंज लागला होता, म्हणजे मी ती किती दिवस लावली होती पाहा.

सगळा दोर मंदिराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला. कुसाबाईने उठून त्याचे टोक दारातून बाहेर, पायरीखाली सोडले, जणू तिथेच विहीर होती. वाकून पाहिले आणि मान हलवली. "पुरला नाय," ती म्हणाली. "हातभर कमी पडतोय. त्याचा हात उंच केलाय, पर टोक लागत नाय."

मंदिरात एकच फीत उरली होती. कुसाबाईने खंडेरावांकडे पाहिलेसुद्धा नाही, ती तशी बाई नव्हती. पण चाळीस मुले मान वळवून त्यांच्याकडे पाहू लागली, आणि एकेचाळिसावी सितारा. खंडेरावांनी घड्याळ काढले. नऊला दोन मिनिटे कमी होती. चक्रात ही दोन मिनिटे आभारप्रदर्शनाची होती. त्यांनी घड्याळ पाहिले, मुलांकडे पाहिले, मिसबाईंकडे पाहिले. बाईंनी केव्हाच खुर्ची सोडली होती आणि त्या चटईच्या कडेला पाय दुमडून दोर धरून बसल्या होत्या.  पुढाऱ्याने काय करावे हे त्यांच्या वहीत सगळे होते, विहिरीत कोणी असताना काय करावे हे मात्र नव्हते. शेवटी त्यांनी सोनेरी काठाची फीत काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तात्पुरती देत आहे. वृत्तांतात 'तात्पुरती' असे लिहा."

मी तसे लिहिले. फीत जोडली गेली आणि कुसाबाई म्हणाली, वढा. एकेचाळीस मुलांनी दोर ओढला. मिसबाईंनी ओढला, भिमाबाईने ओढला, टांग्याचा चाबूक गळ्यात अडकवून दारात उभ्या राहिलेल्या जमीलनेही एक हात लावला. पाण्याचा निथळता आवाज कुसाबाईने तोंडाने काढला आणि सांगितले की आधी हात दिसले, मग डोके, मग ओले केस. तो काठावर आला आणि थंडीने कुडकुडत बसला. सितारा उठली आणि जिथे तो बसला होता त्या पायरीपाशी गेली. तिने आपल्या ओढणीने ती कोरडी पायरी पुसून काढली. कोणीही हसले नाही.

नऊ केव्हाच वाजून गेले होते. खंडेराव घड्याळ हातात धरून घंटेकडे गेले, पण घंटेची दोरी कुठे ठेवतात ते त्यांना माहीत नव्हते आणि हातोडी कुठे असते तेही नव्हते. अकरा वर्षांत त्यांनी ती कधी हाताळली नव्हती. दोघेही प्रमुख चटईवर होते, आणि भाऊ आता उंटांबरोबर परमुलखाला निघाला होता, त्यामुळे हाक मारून कोणी उठले असते असे नाही. थोडा वेळ ते घंटेखाली उभे राहिले. मग परत येऊन मागच्या चटईच्या टोकाशी बसले. किती वेळ बसले ते त्यांनी वहीत लिहिलेले नाही, मी नंतर पाहिले.

मिसबाईंनी कागदावरचे पूज्य खोडून एकेचाळीस लिहिले आणि खाली सही केली. खंडेरावांसारख्या माणसाला एवढीशी शाळा अपुरी आहे, त्यांना जिल्हा दिला पाहिजे, असे त्या पाळकसाहेबांना म्हणाल्या. कर्तबगारी पाहून म्हणाल्या की आणखी काही पाहून, त्याबद्दलच वस्तीत दोन मते आहेत. शाळा किती वाजता सुटली तो रकाना मी कोरा ठेवला, कारण घंटा झालीच नाही. कुसाबाईला दवाखान्यात पोचायला उशीर झाला आणि तिने बोलणी खाल्ली. दोर अजून मंदिरात खुंटीवर आहे. तात्पुरती दिलेली फीत त्यातून सोडवून मागायला अजून कोणी आलेले नाही.